भट्टीखालचं पाणी

आमच्या कारखान्याच्या फाटकावर मालकांच्या वडिलांचं नाव रंगवलेलं होतं, पण पेठ रस्त्यावरच्या एकाही एसटी कंडक्टरला ते ठाऊक नव्हतं. 'चला, काचवाले उतरा,' एवढंच ते म्हणायचे. उतरलं की समोर सागाचं जंगल, त्यात शिरणारी कच्ची वाट आणि वाटेच्या शेवटी झाडांच्या वर आलेलं विटांचं धुराडं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथं कामाला लागले आणि कारखाना बंद पडेपर्यंत राहिले. आता नाशिक रोडला शेजारच्या बायका विचारतात, जंगलात बिबट्याची भीती नाही वाटायची? बिबट्या दिसायचा, तोच आम्हाला बघून निघून जायचा. भीती वाटायची ती भट्टीची. लोक म्हणतात सवयीनं भीती मोडते. माझी कधी मोडली नाही.

मी मूळची नाशिक रोडचीच. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, लग्न झालं, नवऱ्याला पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मास्तरकी मिळाली म्हणून पेठेला आले. घरात बसवेना. कारखान्याच्या मालकांना, म्हणजे शेठना, माल तपासायला शिकलेलं माणूस हवं होतं. पुरुष तिथं टिकत नव्हते, पहिल्या पावसाळ्यात पळून जायचे. तेव्हा बाई असली तरी चालेल, असं शेठ म्हणाले आणि मी लागले.

काचेचा कारखाना जंगलात कशाला, असं कुणालाही वाटेल. शेठच्या वडिलांनी तो काढला तेव्हा भट्टी लाकडावर चालायची आणि लाकूड दाराशी होतं. पुढं तोडीवर बंधनं आली, भट्टी काळ्या तेलावर गेली, आणि ते तेल नाशिकहून टँकरनं घाटातून यायला लागलं. वाळू बाहेरची, सोडा बाहेरचा, फुंकणारे कारागीर फिरोजाबादचे. जंगलातलं असं फक्त मनुष्यबळ उरलं होतं, आसपासच्या पाड्यांवरून चालत येणारं.

आम्ही मुख्यतः कंदिलाच्या काचा करायचो. पेठ-सुरगाण्याकडच्या कितीतरी पाड्यांवर तेव्हा वीज नव्हती, आणि जिथं होती तिथं पावसाळाभर ती नसल्यातच जमा. शिवाय लोणच्याच्या बरण्या आणि कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी झाकणाच्या बाटल्या. काम सांगायला सोपं आहे. वाळू, सोडा, चुना आणि फुटक्या काचेचा चुरा मातीच्या मोठ्या मुशींत भरायचा. घुमटासारख्या भट्टीत या मुशी गोल मांडलेल्या असायच्या. काच वितळली की कारागीर लांब पोकळ नळीच्या टोकावर तिचा गोळा उचलतो, फुंकतो, साच्यात धरून पुन्हा फुंकतो. तयार झालेली वस्तू तशीच उघड्यावर ठेवली तर तडकते, म्हणून ती मंद भट्टीत ठेवून हळूहळू निववायची. निवलेली काच माझ्या टेबलावर. उजेडात धरून बुडबुडा आणि चीर शोधायची, नखानं टिचकी मारून आवाज ऐकायचा. खोटी निघाली तर फोडून पुन्हा मुशीत.

भट्टी मात्र एकदा पेटली की विझवायची नाही. विझली तर मुशी तडकतात, आणि नवी मूस म्हणजे माती मळून, थर चढवत चढवत, महिनोन्महिने सावलीत वाळवायची. दिवाळी असो की घरात मयत, भट्टी पेटलेलीच. बर्नरची घरघर आमच्या कानात इतकी बसली होती की सुट्टीच्या दिवशी घरी शांततेनं डोकं दुखायचं.

भट्टीच्या पोटाखाली एक भुयार होतं. पूर्वी तिथून लाकूड सारायचे. तेल आल्यावर तिथं बर्नर बसवले. एखादी मूस गळायला लागली तर वितळलेली काचही त्याच भुयारात खाली उतरायची. तिथं सोमा भोये काम करायचा. तो जवळच्याच पाड्यावरचा, अंगानं किरकोळ, बोलायला कंजूष. त्याची बायको हिरा माझ्या टेबलावर माल पुसायला होती, आणि ती त्याच्या वाटचंही बोलायची. फुंकणाऱ्यांचे म्होरके रशीदचाचा. ते मला पहिल्याच दिवशी भट्टीपाशी घेऊन गेले, तोंडातून डोकावायला लावलं आणि म्हणाले, "बेटी, आग से मत डरना. पानी से डरना."

मला वाटलं म्हातारा माझी गंमत करतोय.

हसायचे प्रसंगही होतेच. एकदा नाशिकच्या एका कॉलेजचे प्रयोगशाळा सहायक आले. त्यांना साप जतन करून ठेवायच्या बरण्या हव्या होत्या. केवढ्या, असं मी विचारलं, तर त्यांनी माप दाखवायला पिशवीतून जिवंत धामण काढली आणि माझ्या टेबलावर पसरली. हिरा शांतपणे पुसलेल्या काचा बाजूला सरकवत राहिली. रशीदचाचा, जे रोज हातभर अंतरावरून भट्टीच्या तोंडात बघायचे, ते वाळूच्या ढिगाऱ्यावर चढून बसले आणि ते गृहस्थ एसटीत बसेपर्यंत खाली आले नाहीत. बरण्या मात्र त्यांनी फार सुंदर करून दिल्या.

चाचांच्या म्हणण्याचा अर्थ मला त्यानंतरच्या पावसाळ्यात कळला. सोमाचा धाकटा भाऊ काशीनाथ भुयारात त्याच्या हाताखाली असायचा. चांगला उमदा, गाणं म्हणत काम करणारा. त्या दिवशी एका मुशीला चीर पडली आणि काच खाली झिरपायला लागली. अशा वेळी काच कोरड्या वाळूवर पडू द्यायची, निवली की पहारीनं फोडून काढायची. पण पावसाचं पाणी कुठूनसं पाझरून भुयारात एक डबकं साचलं होतं, आणि काशीनाथ वाळूचं घमेलं घेऊन तिकडेच निघाला होता. वरून काचेची धार त्या डबक्यावर उतरली.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. तापलेल्या काचेवर पाणी पडलं तर काच तडकते, फार तर कपची उडते. पण पाण्यावर काच पडली तर खालच्या पाण्याला जायला वाट राहत नाही. त्याची एका क्षणात वाफ होते आणि ती वरची सगळी काच घेऊन उडते.

आवाज फार मोठा झाला नाही. माझ्या टेबलावरच्या काचा एकदा किणकिणल्या. मग सोमानं भावाला पाठीवर घेऊन बाहेर आणलं. काशीनाथ ओरडत नव्हता. तो सारखं विचारत होता की दिवे का घालवले. दुपारची वेळ होती.

शेठनी त्याला नाशिकला हलवलं, उपचारात काही कमी केलं नाही, पण दोन्ही डोळे गेले. कारखान्याकडे येणारी वाट त्याच्या घरावरून जायची. तो ओट्यावर बसलेला असायचा आणि पावलांच्या चाहुलीकडे मान वळवायचा. मी चपला हातात घेऊन तिथून जायला लागले. का, ते मला सांगता येणार नाही. त्यानं माझ्याशी बोलावं याचीच भीती वाटायची.

त्यानंतर दर पावसाळा मी श्वास रोखून काढला. कारखान्यामागे ओहोळ होता, उन्हाळ्यात गुरंही पिऊ शकणार नाहीत इतका कोरडा. पावसाळ्यात मी दिवसातून कितीदा तरी जाऊन त्याचं पाणी बघून यायची. बायका हसायच्या. हिरा हसायची नाही.

दोन हजार साल उलटून गेल्यावर एका पावसाळ्यात पाऊस लागला तो थांबेचना. शेठ नाशिकला अडकले होते, घाटात दरड आल्यानं गाड्या बंद, फोन मुका. सकाळी कामावर आलो तेव्हा ओहोळ काठाला लागला होता. त्यातच एक मूस दोन दिवसांपासून गळत होती. सोमानं भुयारात वाळूचा जाड थर घालून ठेवला होता आणि शेठ आले की ती मूस बदलायची असं ठरलं होतं.

दुपारच्या आत ओहोळाचं पाणी मागच्या भिंतीपाशी आलं. पोत्यांत वाळू भरून सगळ्यांनी भिंतीशी रचली. पाणी पोत्यांखालून यायला लागलं. तेव्हा सोमा पोती घेऊन भुयारात उतरला. भुयाराच्या मागच्या तोंडाला आतून बांध घालायचा त्याचा बेत होता.

मी वरून बघत होते. त्याच्या डोक्यावर भट्टीचा तळ, तळातून झिरपणारी काच, आणि पायाशी चिखल. काशीनाथला जे झालं ते एका डबक्यानं झालं होतं. इथं ओहोळ यायला निघाला होता.

शेठ नसताना कारखाना मी बघायची. म्हणजे हजेरी घ्यायची, टँकर उतरवून घ्यायचा. एवढंच मी बघितलं होतं. मी सगळ्यांना टेकडावरच्या शाळेत जायला सांगितलं. माणसं निघाली. हिरा गेली नाही. चाचाही गेले नाहीत. त्यांनी भुयाराच्या तोंडाशी वाकून सोमाला हाका मारल्या, मग हिरानं मारल्या, मग मी. तो पाठमोरा पोती रचत होता. एकदाही वळला नाही. बर्नरच्या घरघरीत त्याला ऐकू जात नसावं, असं मला वाटलं.

तेव्हा मी चाचांना म्हटलं की तेल बंद करू या. आग नसेल तर काच निदान दाटायला लागेल, गळती थांबेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या घरातलं कुणी मारायला निघाले आहे.

"बेटी, ये बुझी तो फिर नहीं जलेगी," ते म्हणाले. "मालिक के पास अब वो ताकत नहीं. पानी उतर जायेगा."

त्यांचं खरं होतं. कंदिलाला गिऱ्हाईक कमी होत चाललं होतं, बरण्या प्लॅस्टिकच्या आल्या होत्या. सगळ्या मुशी एकदम गेल्या तर शेठ पुन्हा उभे राहणार नव्हते, आणि आमच्यासकट सगळ्या पाड्यांची रोजी गेली असती. पाणी उतरलंही असतं. मला काहीच माहीत नव्हतं. तेलाच्या टाकीखालचा कॉक माझ्यासमोर होता. माझे दात वाजत होते, आणि ते थंडीनं वाजत नव्हते. विचार करून मी काही ठरवलं, असं मी म्हणू शकत नाही. मला काशीनाथची वळलेली मान दिसली आणि मी कॉक फिरवला.

घरघर थांबली. इतक्या वर्षांत तो आवाज थांबलेला मी पहिल्यांदा ऐकला. पत्र्यावरचा पाऊस एकदम जवळ आल्यासारखा वाटला. चाचा खाली बसले. भट्टीच्या तोंडातला पांढरा उजेड पिवळा व्हायला लागला.

मग सोमा बाहेर आला. कमरेपर्यंत चिखल. त्यानं आधी भट्टीकडे पाहिलं, मग टाकीकडे, मग कॉकवरच्या माझ्या हाताकडे. मी त्याला म्हटलं, सोमाभाऊ, चला वर. तो माझ्या अंगावरून पुढे गेला. हिरानं त्याचा दंड धरला आणि आम्ही चौघं चढण चढून शाळेत गेलो.

तिथून धुराडं दिसायचं. आम्ही सगळे ओसरीवर उभे होतो. बऱ्याच वेळानं पोती फोडून पाणी आत शिरलं. मोठा सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला, शेडच्या सगळ्या फटींतून वाफ निघाली आणि झाडांमध्ये पसरली. मग आतून दबके आवाज यायला लागले, कुणी जमिनीवर मडकं आपटावं तसे, थांबून थांबून. मुशी तडकत होत्या. चाचा भिंतीकडे तोंड करून बसले आणि प्रत्येक आवाजाला त्यांचे खांदे हलत होते. मी वाट बघत होते ती मोठ्या धडाक्याची. तो झाला असता तर मला बरं वाटलं असतं, हे मी इथं लिहून टाकते. मी केलं ते बरोबर होतं, असं सगळ्यांना दिसलं असतं.

धडाका झाला नाही. संध्याकाळी पाऊस ओसरला, पाणी उतरलं. शेड उभी होती, धुराडं उभं होतं, भट्टीचा घुमटसुद्धा उभा होता. आत सगळ्या मुशी फुटल्या होत्या आणि तळाला मधोमध चीर गेली होती. माणसाच्या अंगावर ओरखडा नव्हता.

आग चालू राहिली असती तर काय झालं असतं? चाचा शेवटपर्यंत म्हणत राहिले की तळ तापलेला असता तर पाणी वरच्यावर उडून गेलं असतं. मी पुस्तकं पाहिली, एका प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, फुटलीही असती, नसतीही फुटली.

रस्ता सुरू झाल्यावर शेठ आले. भट्टीभोवती एक चक्कर मारली आणि तेल कुणी बंद केलं ते विचारलं. मी म्हटलं, मी. त्यांनी वाकून मुशीची एक ठिकरी उचलली.

"मी असतो तरी हेच केलं असतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "बहुतेक."

त्या 'बहुतेक'वर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

भट्टी पुन्हा पेटली नाही. चाचा फिरोजाबादला परत गेले, जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पाड्यांवरची माणसं दिंडोरीकडे द्राक्षबागांवर जायला लागली. आम्ही नाशिक रोडला राहायला आलो, नवरा शाळेला तिथूनच ये-जा करायचा, आणि मी एका औषधाच्या कंपनीत बाटल्या तपासायला लागले. मशीनच्या बाटल्या, सगळ्या एकसारख्या. सोमा आणि हिराही बागेवरच होते. त्या दुपारनंतर सोमा माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. एकदा पेठ नाक्यावर मजुरांच्या टेम्पोत तो बसलेला दिसला आणि मी पदर डोक्यावर ओढून रिक्षाच्या आड झाले. ज्याच्या पोटावर आपण पाय दिला त्याच्यासमोर उभं राहायची हिंमत माझ्यात नव्हती.

पुढं नवऱ्याच्या निवृत्तीच्या समारंभासाठी आम्ही पेठेला गेलो. बाजाराचा दिवस होता. मी नागली, म्हणजे नाचणी, घ्यायला वाकले आणि समोरून आवाज आला, "बाई."

सोमा होता. केस सगळे पांढरे. पोत्यावर नागली पसरून बसला होता. मला पळून जायचं होतं. त्यानं शेजारच्या पोत्यावरची धूळ झटकली, म्हणजे बसा. हिरा चहा आणायला गेली. मी कसंबसं म्हटलं, "सोमाभाऊ, तुमचा राग आहे माझ्यावर. तो बरोबर आहे."

तो नागलीत बोटं फिरवत राहिला.

"त्या दिशी मला समदं ऐकू येत व्हतं," तो म्हणाला. "चाचाची हाक, हिराची, तुमची. आवाजामुळं ऐकू नाय आलं, तसं नव्हतं."

मला कळेना.

"भट्टी पेटलेली व्हती, बाई. पेटलेली भट्टी सोडून वर यायचं, ते मला जमनार नव्हतं. काशीनाथचे डोळे तिथं गेले, आता माझं काय जायाचं ते जाऊ द्या, असंच मनात व्हतं. मी येनार नव्हतो. तुम्ही विझवली म्हनून आलो. विझल्यावर तिथं माझं काय काम?"

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत.

"काय बोलू? तुमची रोजी गेली, चाचाची गेली, समद्या पाड्याची गेली. आनि मी जिता. कोनत्या तोंडानं बोलू?"

हिराला हे ठाऊक आहे का, असं मी विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. ती समोरून चहा घेऊन येत होती. आम्ही दोघं गप्प झालो. चहा पिताना तिनं कारखान्याच्या, सापाच्या, शेठच्या गोष्टी काढल्या आणि आम्ही दोघं हसण्याच्या जागी हसलो.

सोमा आता नाही. तापाचं निमित्त झालं. हा लेख लिहायचं ठरवलं तेव्हा मी हिराकडे गेले, कारण तिला न सांगता हे छापणं मला बरं वाटेना. तिच्या ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. तिचे हात सुपावर होते. ती पाखडत राहिली, थांबली नाही. सूप रिकामं झालं तेव्हा म्हणाली, "लिवा. पन तो भ्याला नव्हता, असं लिवा."

तसंच लिहिते. सोमा भोये त्या दिवशी भ्याला नव्हता. भ्याले होते ती मी.